पडद्यावरचे दार आणि शाहूनगरीचा धडा

घर कोणाचे, रस्ता कोणाचा आणि वाटसरूला उंबऱ्याच्या आत कोण घेणार, हे प्रश्न या देशात कधीच निव्वळ मालमत्तेचे नव्हते. ते जातीचे होते आणि आजही आहेत. आता हेच प्रश्न संगणकाच्या पडद्यावर उभ्या राहिलेल्या आभासी जगात नव्याने विचारले जात आहेत. पोटापाण्याचे, नोकरीचे, अत्याचाराचे प्रश्न समोर असताना ही खेळातली चर्चा कशाला, असे आमच्या काही कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु त्या खेळातल्या दाराला जी कडी आहे तीच कडी आज भाड्याच्या खोलीच्या दाराला लागली आहे, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

अमेरिकेतील लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली 'सेकंड लाईफ' नावाचे आभासी जग सुरू केले. त्यात माणूस आपल्या आवडीचे रूप आणि नाव घेऊन वावरतो. तेथे जमिनीचे तुकडे विकत मिळतात, त्यावर घरे बांधता येतात, दरमहा शुल्क भरावे लागते. मालकाला आपल्या तुकड्यावर कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरवता येते. नको असलेल्या माणसांची यादी करता येते किंवा फक्त आपल्या गटातल्यांनाच प्रवेश ठेवता येतो. मग परक्या वाटसरूसमोर रेघांची भिंत उभी राहते. काही मालक पहारेकरी यंत्रणा बसवतात. ती वाटसरूला काही सेकंदांत हद्दीबाहेर फेकते. होडीतून किंवा विमानातून फिरणारा प्रवासी अशा भिंतीवर अचानक आदळतो आणि त्याचा प्रवास तिथेच संपतो.

यावर तेथील जाणत्यांनी शिष्टाचार सांगितला आहे. विचारल्याशिवाय कोणाच्या घरात शिरू नये, जा म्हटले की निघावे, आणि मालकानेही वाटसरूला निघायला थोडा वेळ द्यावा. हे योग्यच आहे. घराचा खासगीपणा आम्हालाही प्रिय आहे. गावातला बलदंड माणूस न विचारता आमच्या वस्तीत शिरतो, हे आम्ही पिढ्यान्पिढ्या सोसले आहे. पण केवळ शिष्टाचारावर तेथेही भागले नाही. कंपनीला सर्वांसाठी खुले रस्ते आणि जलमार्ग राखावे लागले. २०१९ पासून उभ्या केलेल्या 'बेलिसेरिया' या नव्या वसाहतीत पहारेकरी यंत्रणेवर नियमाने मर्यादा घालावी लागली. शेजाऱ्याच्या चांगुलपणावर वाटसरूचा रस्ता अवलंबून ठेवता येत नाही, हे खेळातल्या जगालाही शेवटी मान्य करावे लागले!

आम्हाला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांना पारशी नाव नोंदवून आसरा घ्यावा लागला. आजच्या भाषेत सांगायचे तर जगातील नामांकित विद्यापीठात शिकलेल्या या माणसाला मुक्कामासाठी दुसऱ्याचे रूप धारण करावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि ते रूप गळून पडले. आठ दिवसांची मुदत मागितली, तीही मिळाली नाही. नाव बदलले म्हणून दार उघडले, नाव कळले म्हणून दार बंद झाले. मधल्या काळात माणूस तोच होता.

आभासी जगात कोणतेही नाव घेता येते, म्हणून तेथे जात संपली असे सांगणारे शहाणे आहेत. त्यांना आम्ही विचारतो, आपले नाव लपवून मिळालेला प्रवेश ही समता कशी काय? आणि जेथे खऱ्या घराचा, खऱ्या पैशाचा व्यवहार येतो तेथे पडदा ताबडतोब खरे नाव मागतो. प्रवाशांना घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या 'एअरबीएनबी'वर अमेरिकेत २०१५ साली संशोधकांनी एक प्रयोग केला. सर्व माहिती सारखी ठेवून केवळ नावे बदलली. कृष्णवर्णीयांची वाटणारी नावे असलेल्या पाहुण्यांना होकार मिळण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी भरले. पुढे आरडाओरडा झाला, दावे झाले. २०१८ साली कंपनीने होकार देण्याआधी पाहुण्याचे छायाचित्र यजमानाला दाखवणे बंद केले. २०२२ पासून ओरेगॉन राज्यातील पाहुण्यांच्या नावाऐवजी आधी फक्त आद्याक्षर दिसू लागले. म्हणजे दाराची कडी कोणी लिहिली हे शोधले की ती बदलताही येते.

आपल्याकडे काय चित्र आहे? येथे छायाचित्राची गरजच नाही, आडनाव पुरते. ज्या कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा जगभर मिरवला जातो, त्या शहरातही खोलीच्या जाहिरातीत 'शाकाहारी कुटुंबास प्राधान्य' हे शब्द येतात, तेव्हा तो आहाराचा प्रश्न राहत नाही. ती जात विचारण्याची सभ्य रीत असते. पूर्वी घरमालक उंबऱ्यावर उभा राहून नकार देत असे. निदान त्याचा चेहरा दिसत होता, चार माणसे साक्षीला होती. आता मोबाईलवर विचारणा करावी तर उत्तरच येत नाही. नकार देणारा दिसत नाही, नकाराचे कारण नोंदले जात नाही, आणि फिर्याद कोणाविरुद्ध द्यायची हेही कळत नाही. ही नव्या मनुवादाची सोय आहे.

याच नगरीत यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वी झाला होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ साली हुकूम काढून संस्थानातील सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून मारहाण झाली तेव्हा महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे थांबून चहा घेतला, बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यायला लावला. शेजारधर्म काय असतो हे महाराजांनी त्या चहाच्या कपातून शिकवले. परंतु केवळ चहा पिऊन ते थांबले नाहीत. हाती सत्ता होती तेथे त्यांनी हुकूम काढला. शिष्टाचार माणसाला शोभतो, पण हक्क हुकमातूनच मिळतो.

बाबासाहेबांनी हाच धागा राज्यघटनेत पक्का केला. अनुच्छेद १५(२) नुसार दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीच्या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत 'दुकान' म्हणजे काय, असा प्रश्न निघाला. जो कोणी मागणाऱ्याला आपली सेवा देण्यास तयार आहे, त्याची जागा म्हणजे दुकान, असा व्यापक अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. न्हाव्याची आणि धोब्याची जागाही त्यात बसवली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात हाच व्यापक अर्थ स्वीकारला. १९५५ च्या कायद्याने, जो पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला.

मग आमचा साधा सवाल आहे. जो माणूस आपले घर पडद्यावर जाहिरात करून कोणालाही भाड्याने द्यायला मांडतो, ते दुकान नव्हे तर काय? आणि हजारो घरमालकांना असे दुकान थाटून देणारी कंपनी हा बाजार नव्हे तर काय? माणसाच्या चुलीपर्यंत जाण्याचा हक्क आम्ही मागत नाही. बाजारात मांडलेल्या वस्तूवर समान हक्क मागतो. २००५ साली झोरास्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात एकाच समाजापुरते सभासदत्व ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, त्यामुळे बंदिस्त वसाहतींना बळ मिळाले. आभासी जगातील 'फक्त आमच्या गटाला प्रवेश' हा नियम त्याचाच पुढचा अवतार आहे.

हा प्रश्न कोल्हापूरला आज अधिकच भिडतो. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे पक्षकार आता येथे न्याय मागायला येतात. चंदगड, राधानगरी, शाहूवाडीची आमची मुले शिवाजी विद्यापीठात शिकायला येतात. त्यांना राजारामपुरीत, शाहूपुरीत खोली लागते आणि शोध मोबाईलवरच सुरू होतो. न्यायासाठी आलेल्या माणसाला मुक्कामाच्या दारातच अन्याय भेटला तर शाहूनगरीने कोणत्या तोंडाने महाराजांची जयंती साजरी करावी?

म्हणून चळवळीने काही मागण्या ठामपणे लावून धरल्या पाहिजेत. होकार मिळेपर्यंत अर्जदाराचे आडनाव घरमालकाला दिसू नये. नकार दिल्यास कारण लेखी नोंदले जावे. जात सूचित करणारी जाहिरात छापणारी कंपनीही जबाबदार धरली जावी. आपल्या तरुण वकिलांनी १५(२) चा अर्थ पडद्यावरील दुकानाला लावून घेण्यासाठी कोल्हापूरच्याच न्यायालयाचे दार ठोठवावे. आणि आपल्या पोरांनी मोबाईलवर आलेला प्रत्येक नकार जपून ठेवावा. तो उद्याचा पुरावा आहे.

आभासी जगाच्या भिंती कोणा देवाने बांधलेल्या नाहीत, त्या माणसाने लिहिल्या आहेत. लिहिलेले पुन्हा लिहिता येते, हे ज्यांनी स्मृतीच्या जागी संविधान आणले त्यांच्या वारसांना वेगळे सांगायला नको. बडोद्यात बाबासाहेबांना नाव बदलावे लागले. त्यांच्या नातवंडांनी आपले नाव तसेच ठेवून दार बदलायचे आहे.

जय भीम!