भिंतीला तुंबड्या

‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण वर्गात समजावून सांगताना आम्ही वर्षानुवर्षे हसलो आहोत आणि विद्यार्थ्यांनाही हसविले आहे. तुंबडी म्हणजे काय, हे आता मुद्दाम सांगावे लागते. अंगातले अशुद्ध रक्त ओढून काढण्याचे ते पोकळ साधन. ते लावण्याचे काम न्हाव्याकडे असे. गिऱ्हाईक नाही म्हणून हा गृहस्थ भिंतीलाच तुंबड्या लावीत बसला, असा तो विनोद. अलीकडे मात्र आम्हांला त्याचे हसू येईनासे झाले आहे. बसलेला हात मोडू नये म्हणून तो माणूस सराव करीत असेल, अशी शक्यता म्हण विचारातच घेत नाही. गिऱ्हाईक का आले नाही, हेही ती विचारीत नाही.

आम्ही दोघे पतिपत्नी. दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही चाळिशी ओलांडलेले आणि दोघेही तासिका तत्त्वावरचे अध्यापक. वाचकांपैकी अनेकांना या तत्त्वाचा तत्त्वज्ञानाशी संबंध नाही हे ठाऊक असेलच. जेवढ्या तासिका, तेवढे मानधन. परीक्षा जवळ आल्या की तासिका संपतात. पुढे जाहिरात, मुलाखत, मान्यता असे करता करता ऑगस्ट उजाडतो. मधले चार-साडेचार महिने आम्ही ‘घरी बसलेले’ असतो. नेमाड्यांच्या ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलविणारा अध्यापक आहे, हे आम्ही दरवर्षी शिकवितो. चांगदेव निदान नोकरी सोडीत तरी होता. आम्हांला नोकरी सोडते, तीही दरवर्षी, ठरल्या महिन्यात.

या महिन्यांचे काय करावे, याविषयी उपदेशाची वाण कधीच पडत नाही. वाचन करा, लेखन करा, छंद जोपासा. ‘एवढा मोकळा वेळ आम्हांला मिळाला असता तर!’ असा सुस्कारा पूर्णवेळ वेतन घेणाऱ्या स्नेह्यांनी आमच्यासमोर किती वेळा टाकला, याची गणती नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसण्याचे जे गोडवे गायले गेले, तेही बहुधा महिन्याच्या एक तारखेला खात्यात पगार जमा होणाऱ्यांनीच गायले. या उपदेशामागे एक समजूत आहे : वेळ मिळाला की माणूस वाचतो. साहित्याच्या लोकांना ती विशेष प्रिय. आमचे म्हणणे असे की ती खरी नाही.

व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गिरणीगावाचा एक जुना अभ्यास या संदर्भात आठवतो. १९२९-३० मध्ये तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइसेल यांनी तिथे केलेली पाहणी १९३३ साली पुस्तकरूपाने आली. या पाहणीत गावातल्या कामगार-वाचनालयाची नोंद आहे. पूर्वी तिथे पुस्तकासाठी पैसे पडत. बेकारीनंतर पुस्तके फुकट मिळू लागली. वेळही अमाप होता. तरी १९२९ ते १९३१ या काळात पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्याने घटली. संशोधकांनी घड्याळ लावून रस्त्यावरची चालही मोजली. पुरुष हळू चालत, मध्येच थांबत. त्यांना कुठे पोचायचेच नव्हते. बायका मात्र भरभर जात, कारण चूल, धुणे, मुले यांतले काहीही गिरणीबरोबर बंद पडले नव्हते.

हे वाचल्यावर आम्हीही एक आठवडा आपापल्या दिवसाची नोंद तासातासाने ठेवून पाहिली. नोंदी शेजारी ठेवल्यावर आम्ही ओशाळलो. आमच्यापैकी एकाच्या कागदावर ‘वर्तमानपत्र’, ‘बसस्थानकापर्यंत जाऊन आलो’, ‘पडलो होतो’ असे शब्द होते आणि सकाळी अकरा ते दुपारी चार हा सगळा पट्टा कोरा. टेबलावर ‘लीळाचरित्र’ उघडेच होते. सहा दिवसांत त्याची चार पाने उलटली होती. दुसरीचा कागद पहाटे नळ येण्यापासून सुरू होत होता आणि समासातही लिहावे लागले होते : कुरडयांचा चीक, वाळवण घालणे, राखणे, काढणे, सासूबाईंची औषधे, आलेले-गेलेले. तिच्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्या आठवड्यात कुठेच नव्हते. एकाच घरात, एकाच तत्त्वावर बेकार झालेल्या दोघांपैकी एकाजवळ रिकामा वेळ होता आणि दुसरीजवळ फक्त ‘घरीच असते’ हे उत्तर. तेव्हा सर्वांना एकच ‘छंद जोपासा’ सांगणाऱ्यांनी आधी असे दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत.

यावर तुरुंगाचे दाखले हमखास दिले जातात. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहिली; मग तुम्हांला घरी बसून काय अडचण? दाखला खरा आहे, पण नीट वाचलेला नाही. गुरुजींनी अमळनेरच्या शाळेतली नोकरी १९३० साली स्वतः सोडली होती. ती त्यांना सोडून गेली नव्हती. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरून घेत. रविवार आला की बोलणारा येणार, ऐकणारे जमणार आणि लेखणी तयार हवी. ‘श्यामची आई’ची रचनाच पाहा. ती प्रकरणांत विभागलेली नाही, रात्रींत विभागलेली आहे. प्रार्थना झाली की आश्रमातले सोबती श्यामभोवती बसतात. कालची गोष्ट संपली, आजची हवी असते. अशा बेचाळीस रात्री. एकांताचे फळ म्हणून आपण ज्या पुस्तकाकडे बोट दाखवितो, त्याच्या पानापानांवर कोणीतरी वाट पाहत बसले आहे.

आम्हांला वाटते, मेख इथेच आहे. नोकरी पैशाखेरीज आणखी एक गोष्ट देते : अमुक वाजता अमुक ठिकाणी आपली कोणीतरी वाट पाहत आहे, ही जाणीव. साठ मुलांपैकी चाळीस गैरहजर असली तरी वीस बाकांवर असतात. ‘लीळाचरित्र’ महानच आहे. पण दुपारी बाराला ते आमची वाट पाहत नव्हते.

पुढचे योगायोगाने घडले. घरातल्या आईंचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात हे माहीत होते, पण विचारले की ‘काय बी आठवत न्हाई’ हेच उत्तर. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, हे आम्ही लोकसाहित्याच्या तासाला सांगतो. आणि घरातली एकही ओवी आमच्या वहीत नव्हती. एका दुपारी परसातले जाते धुऊन आत आणले, मूठभर ज्वारी वैरली आणि आईंचा हात खुंट्यावर ठेवला. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला ओवी आली. आठवण डोक्यात नव्हती, मनगटात होती. त्या दिवशी नऊ ओव्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी पावणेतीनलाच आई जात्याशी जाऊन बसल्या आणि ‘वही कुठं हाय?’ म्हणून हाका मारू लागल्या.

तेव्हापासून तीन ते चार हा तास ठरला. एकजण खुंट्याला हात लावून बसतो आणि फेरा थांबला की लिहितो. शब्द अडला की थांबून विचारायचे, पाठभेद समासात घ्यायचा, भाऊ कुठला नि सोयरा कुठला याचा खुलासा वेगळ्या रंगाने. या एका तासाने पुढचे-मागचे तासही जागेवर आले. सकाळी कालची पाने स्वच्छ उतरायची असतात. अडलेल्या शब्दासाठी संध्याकाळी वाचनालयात जाऊन कोश पाहायचा असतो. बसस्थानकापर्यंत जाणे आपोआप सुटले. आणि याच तासात दुसरी व्यक्ती आतल्या खोलीचे दार लावून प्रबंधाला बसते. वाळवण राखायचे कामही त्या तासापुरते वहीवाल्याकडे. कावळे येतात, ओवी तुटते, चालायचेच. एकाला वाट पाहणारे कोणीतरी हवे होते. दुसरीला तासभर कोणीही वाट न पाहणारे हवे होते.

हे वाचून कोणी ‘पाहा, घरी बसूनही किती समाधान मिळते’ असे म्हणणार असेल, तर त्याला आमचा आताच नकार. ओव्यांच्या वहीने किराण्याचे बिल भागत नाही. ते मुद्रितशोधनाच्या किडुकमिडुक कामांतून आणि उसनवारीतून भागते. प्राध्यापक निवृत्त झाले की जागा रिकामी ठेवायची आणि तिथलीच कामे तासांवर वाटायची, हा व्यवहार आमच्या समाधानाने रास्त ठरत नाही. भिंतीला तुंबड्या लावणाऱ्याचा हात तयार राहिला म्हणून त्याचे पोट भरले, असे होत नाही.

वहीत आज चारशे बारा ओव्या आहेत. यंदाची जाहिरात आली आहे. जेवताना तो विषय निघाला तेव्हा आईंनी विचारले, ‘मंग तीन वाजता वही कोन धरनार?’ मुलाखत बुधवारी आहे, दोघांचीही, सकाळी अकराला.