एचपी सगळे विचारतात, सीटचं कोण विचारणार?



आज औषधाचा किंवा खताचा सल्ला नाही. आज माझं स्वतःचं एक मत सांगतोय. पटलं तर घ्या, नाही पटलं तर भांडा, पण शेवटपर्यंत वाचा.

दसरा जवळ आलाय. ऑक्टोबर छाटणीच्या आधी मिनी ट्रॅक्टर घ्यायचा विचार आपल्यातले बरेच जण करताहेत. त्यात आपल्या ग्रुपवर एटीव्हीचे, म्हणजे त्या चार चाकी हँडलवाल्या गाडीचे व्हिडिओ फिरताहेत. दगड, नाला, चढ, काहीही येऊ द्या, गाडी डुलत डुलत निघून जाते. चार-पाच जणांनी मला विचारलं, "सर, द्राक्षबागेत ही घ्यावी का?"

माझं उत्तर आधीच सांगतो. *बागेतल्या फवारणीसाठी ती घेऊ नका. पण तिच्याकडून एक गोष्ट जरूर शिका: चालवणाऱ्याच्या अंगाचा विचार.*

*ट्रॅक्टरला शॉकअप कुठे असतात?*

एकदा ट्रॅक्टरखाली वाकून बघा. मागचा एक्सल थेट गिअरबॉक्सला बोल्टने आवळलेला असतो. पाटे नाहीत, शॉकअप नाहीत. पुढचा एक्सल मधल्या एका पिनवर झुलतो, पण ते चारही चाकं जमिनीला टेकावीत म्हणून. गचका जिरवायला नाही.

मग गचका जिरवतं कोण? थोडा टायरमधली हवा, थोडा सीटखालची स्प्रिंग, आणि उरलेला सगळा तुमचा मणका.

बसलेल्या माणसाला सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा वर-खाली होणारा हादरा सगळ्यात जास्त बाधतो. शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरचे हादरे याच्याच आसपासचे असतात. म्हणून तर युरोपात 2002 मध्ये यासाठी नियमच केला. आठ तासांच्या कामात अंगाला बसणारा हादरा 0.5 या मापाच्या वर गेला की मालकाने उपाय करायचे, आणि 1.15 च्या वर जाऊच द्यायचा नाही. तिकडे हे कामगाराच्या तब्येतीचं प्रकरण समजतात. आपल्याकडे "कंबर धरली" म्हणतात, बाम चोळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर.

*एटीव्हीत काय वेगळं असतं?*

एका कृषी प्रदर्शनात मी एटीव्ही पाचेक मिनिटं चालवून बघितली. खरं सांगतो, फरक पहिल्याच खड्ड्यात कळतो.

उदाहरण पोलारिस स्पोर्ट्समन 570 चं घ्या. ट्रॅक्टर म्हणून पासिंग होणारं तिचं मॉडेल आपल्या देशातही विक्रीला आलं होतं. तिचं पुढचं प्रत्येक चाक साधारण 20 सेंटीमीटर वर-खाली होतं, मागचं 24 च्या आसपास. चारही चाकं सुटी हलतात. एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची तीन आपापल्या जागी राहतात. टायरमध्ये हवाही अगदी कमी, बहुतेक मॉडेलमध्ये 10 पीएसआयच्या आत.

सगळ्या एटीव्ही अशाच असतात असं नाही. काहींना मागे सरळ, अखंड एक्सल असतो. त्यात गचका जास्त बसतो, कारण एक चाक उचललं की दुसरीकडे झोल जातो. पण मागे वजन ओढताना ती गाडी बसत नाही, आडव्या उतारावर कमी डुलते आणि देखभालही सोपी. सुट्या चाकांच्या गाडीत बुश, जॉइंट, रबरी बूट जास्त. काट्याने एक बूट फाटला आणि आत चिखल गेला की खर्च सुरू. म्हणजे *आराम फुकट मिळत नाही, त्याची देखभाल करावी लागते.*

स्टिअरिंगचंही तसंच. यामाहाने 2007 च्या ग्रिझली 700 ला मोटरवर चालणारं पॉवर स्टिअरिंग दिलं, एटीव्हीत ते पहिलंच. तेव्हापासून इतर कंपन्यांनीही तो रस्ता धरला. त्याचा फायदा फक्त हलकं वळतं एवढाच नाही. चाक दगडावर आपटलं की हँडलला जो हिसका बसतो, तो हातापर्यंत येत नाही.

*मग का घ्यायची नाही?*

तीन कारणं.

एक, पीटीओ. आपला ब्लोअर पीटीओवर चालतो, आणि शेतकामाच्या एटीव्हीला ट्रॅक्टरसारखा 540 चा पीटीओ नसतो. वर 600 लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच 600 किलो. स्पोर्ट्समनसारख्या गाडीची ओढायची मर्यादा साडेपाचशे किलोच्या आसपास. हिशोब इथेच संपला.

दोन, बसायची पद्धत. एटीव्हीवर घोड्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, वळणावर अंग झुकवायचं, खड्ड्यात अर्धवट उभं राहायचं. शिवाय एक्सलेटर अंगठ्याने दाबून ठेवायचा. तासभर मजा येते. दिवसभर कामाला, तेही वयाच्या पन्नाशीत, तो आराम राहत नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गचका लागत नाही म्हणून वेग कळत नाही. ऑस्ट्रेलियात या गाड्या शेतावर सर्रास वापरतात आणि शेतावरच्या अपघाती मृत्यूंच्या मोठ्या कारणांत त्यांचं उलटणं आहे. म्हणून तिथे 11 ऑक्टोबर 2021 पासून शेतकामाच्या नव्या गाडीला, ती उलटली तर माणूस खाली चिरडू नये म्हणून, मागे संरक्षक दांडा सक्तीचा केला. आपल्या बांधांवर आणि चारीच्या काठांवर हा धोका कमी नाही.

मोठं रान असेल, बांधावरून फिरून बघायचं, क्रेट न्यायचे, पाइप टाकायचे असतील, तर एटीव्ही कामाची आहे. बागेत ट्रॅक्टरच्या जागी नाही.

*"आमच्या वडिलांनी लोखंडी सीटवर काढलं की!"*

हे मला हमखास ऐकायला मिळतं. काका, मान्य. पण वडिलांच्या वेळी गावात एखाददुसरा ट्रॅक्टर होता, तो नांगरटीला भाड्याने यायचा आणि जायचा. आज छाटणीनंतर डाऊनीचं वातावरण असलं की तोच माणूस दिवसाआड ब्लोअर घेऊन बागेत असतो. चाकोऱ्या कडक झालेल्या, प्रत्येक ओळीच्या टोकाला वळण. हा वापर वेगळा आहे.

आणि हे फक्त कंबरेचं नाही, फवारणीचंही आहे. समजा ब्लोअरचं गणित ताशी 4 किलोमीटरवर बसवलंय. दुपारी कंबर भरून आली की ड्रायव्हर "लवकर उरकू" म्हणून 5 वर नेतो. *त्या ओळींना 20 टक्के औषध कमी पडतं.* पंधरा दिवसांनी त्याच ओळीत डाऊनी दिसते आणि आपण औषधाला शिव्या घालतो. मला प्लॉटवर बोलावता तेव्हा मी पहिलं विचारतो, इथे फवारणी कोणी केली आणि किती वाजता.

*घ्यायच्या आधी एवढं करा* 👇

1️⃣ शोरूमच्या फरशीवर नको, *स्वतःच्या बागेत, भरलेला ब्लोअर जोडून* किमान एक तास चालवा. पाच मिनिटांत सगळेच ट्रॅक्टर चांगले वाटतात.

2️⃣ *जो रोज चालवणार, त्यालाच बसवा.* सीटला वजनाप्रमाणे फिरवायचा नॉब आहे का? पुढे-मागे सरकते का? घरातल्या ताई चालवणार असतील तर टाच न उचलता क्लच पूर्ण दाबला जातो का, ते बघा.

3️⃣ बागेत ओळीच्या टोकाला दिवसभर वळायचंय. परवडत असेल तर *पॉवर स्टिअरिंग घ्याच*. साधं स्टिअरिंग असेल तर अंगठा चक्राच्या आत घालू नका, बाहेरून धरा. दगडाच्या हिसक्याने अंगठा मोडतो.

4️⃣ नवा घ्यायचा नसेल तर आहे त्याची सीट बदला. स्प्रिंग आणि शॉकअपवाली चांगली सीट ट्रॅक्टरच्या किमतीपुढे काहीच नाही.

5️⃣ टायरची हवा मोजा. शेतात आणि रस्त्यावर वेगळी हवा लागते, मॅन्युअलमध्ये दिलेली असते. आपण ट्रॉलीसाठी टम्म भरतो आणि तशीच बागेत नेतो. मग टायर दगडासारखा आणि गचके थेट पाठीत.

6️⃣ ओळीतल्या चाकोऱ्या छाटणीआधी एकदा सपाट करून घ्या. याहून स्वस्त सस्पेन्शन नाही.

*शेवटचं, थोडं कडू*

आपल्यातले बरेच जण ट्रॅक्टर घेतात, पण चालवतो रोजावरचा माणूस. डीलरशी बोलताना एचपी, अ‍ॅव्हरेज, सबसिडी, म्युझिक सिस्टिमसुद्धा विचारली जाते. सीटचं कोणी विचारत नाही, कारण विचारणारा तिच्यावर बसणार नसतो. मागच्या हंगामात एका प्लॉटवर ड्रायव्हर ब्लोअर थांबवून उतरला आणि सरळ उभाच राहता येईना. टायर धरून वाकून उभा होता. वय विचारलं तर माझ्याच वयाचा, अजून तिशीही नाही. मालक चांगला माणूस आहे, पण त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं.

आपण एकत्र येऊन कंपनी काढली ती घासाघीस करायची ताकद मिळावी म्हणून. मग एकेकट्याने शोरूमला जाण्यापेक्षा डीलरांनाच आपल्या शिवारात बोलावू. एकाच बागेत, एकाच ब्लोअरला तीन-चार ट्रॅक्टर जोडून बघू आणि निकाल ड्रायव्हर लोकांना द्यायला लावू. संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी ही मागणी मांडणार आहे. तुमचा पाठिंबा असेल तर याच नंबरवर *"डेमो"* एवढंच लिहून पाठवा.

आणि आज संध्याकाळी घरी गेलात की तुमच्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला एकदा विचारा, "पाठ कशी आहे?" उत्तर व्हॉइस मेसेजने मला पाठवा. मी सगळे ऐकतो.

तुमचा,
कृषी सल्लागार 🍇