टेड हॉर्न : नऊ शर्यती, १,७९९ फेऱ्या आणि ‘अपयशी’ हा शिक्का

‘चांगला होता, पण इंडी कधी जिंकला नाही.’ अमेरिकी मोटार शर्यतींच्या इतिहासात टेड हॉर्नची बोळवण बहुधा या एका वाक्यात होते. हे वाक्य खरे आहे. तरीही त्यातून काढला जाणारा निष्कर्ष खोटा आहे. तो का, ते या धाग्यात पाहू.

हॉर्नचा जन्म १९१० साली ओहायोतील सिनसिनाटीचा. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत तो प्रथम धावला १९३५ साली, मिलर-फोर्ड मोटारीतून. घाईघाईने बांधलेल्या या मोटारींत स्टिअरिंगची यंत्रणा एक्झॉस्टच्या इतकी जवळ होती की ती उष्णतेने जखडून जाई. शर्यतीत उतरलेल्या चारही मिलर-फोर्ड बाद झाल्या. सर्वांत जास्त, १४५ फेऱ्या टिकला तो नवखा हॉर्न.

पुढच्या वर्षी हॅरी हार्ट्झने त्याला आपली मोटार दिली. (हार्ट्झ स्वतः चालक म्हणून इंडीत तीनदा दुसरा आलेला, ‘दुसरा’ या शब्दाची किंमत त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.) १९३६ मध्ये हॉर्न दुसरा आला. पुढचे क्रमांक असे : तिसरा, चौथा, चौथा, चौथा, तिसरा. मग महायुद्धामुळे चार वर्षे शर्यत बंद. १९४६ मध्ये पुन्हा तिसरा, १९४७ मध्ये तिसरा, १९४८ मध्ये चौथा.

सलग नऊ शर्यती, आणि एकदाही चौथ्याच्या खाली नाही. प्रत्येक शर्यत २०० फेऱ्यांची, म्हणजे एकूण १,८०० फेऱ्या. हॉर्नने त्यांतील १,७९९ पूर्ण केल्या. उरलेली एक १९४० साली पावसाने हिरावली. शर्यत मंदावलेली असताना त्याला १९९व्या फेरीअखेर थांबवण्यात आले. ज्या काळात निम्म्याहून अधिक मोटारी शेवटापर्यंत पोहोचतच नसत, त्या काळातील सुमारे ७,२०० किलोमीटरचा हा हिशेब आहे.

आता ‘विजेता’ या शब्दाकडे वळू. १९४१ मध्ये फ्लॉइड डेव्हिस मागे पडला, म्हणून ७२व्या फेरीला त्याला मोटारीतून उतरवले गेले. त्याच्या जागी मौरी रोझ बसला आणि त्याने शर्यत जिंकली. नियमानुसार दोघेही विजेते ठरले. म्हणजे अर्ध्याहून कमी शर्यत चालवून बाजूला केलेला डेव्हिस अधिकृत यादीत आहे. त्याच दिवशी तिसरा आलेला हॉर्न नाही. १९४७ मध्ये पोल पोझिशन हॉर्नची होती. जिंकला मात्र रोझच, तोही आघाडीवरच्या बिल हॉलंडला आपला सहकारी एक फेरी मागे आहे असे वाटल्यामुळे. यात रोझचा दोष नाही. पण अशा यादीला कर्तृत्वाचे एकमेव माप मानणाऱ्यांचा नक्कीच आहे.

वर्षभराची गुणतालिका पाहिली की चित्र पालटते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनचे राष्ट्रीय विजेतेपद हॉर्नने १९४६, १९४७ आणि १९४८ असे सलग तीनदा मिळवले. त्यापूर्वी हे कोणालाच जमले नव्हते. १९४६ च्या विजेतेपदावर एक आक्षेप घेतला जातो : त्या वर्षी संघटनेने तब्बल ७७ शर्यती मोजल्या आणि त्यांतील बहुतेक दुय्यम दर्जाच्या होत्या. आक्षेप रास्त आहे. पण मग पुढच्या दोन वर्षांचे काय करायचे?

विस्मरणाचे आणखी एक कारण निव्वळ कारकुनी आहे. १९५० ते १९६० या काळात इंडी ५०० फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदात मोजली जाई. त्यामुळे त्या दशकात इंडीत एकदाच धावलेल्या आणि काही फेऱ्यांतच बाद झालेल्या अमेरिकी चालकाचीही फॉर्म्युला वनच्या आकडेवारीत नोंद सापडते. तीन वेळचा राष्ट्रीय विजेता हॉर्न तिथे नाही, कारण तो दोन वर्षे आधी गेला. नोंदवहीचे पान कोणत्या साली उघडले, यावर कोणाला ‘महत्त्वाचे’ म्हणायचे ते ठरवणे हा इतिहास नव्हे.

१० ऑक्टोबर १९४८ रोजी इलिनॉयमधील ड्यूक्वॉइनच्या मातीच्या ट्रॅकवर १०० मैलांची शर्यत होती. तिसरे विजेतेपद आधीच निश्चित झालेले होते. गुणांसाठी धावण्याची गरज उरली नव्हती. तरीही हॉर्न उतरला. दुसऱ्याच फेरीत स्पिंडल तुटला, मोटार उलटली आणि त्यात त्याचा अंत झाला. वय ३८. इंडीत नऊ वर्षे ज्याची मोटार त्याला एकदाही अर्ध्या वाटेवर सोडून गेली नव्हती, त्याची ही मोटार त्याच्याच कार्यशाळेतली होती.