पत्रकावर नाव नाही, म्हणून कलावंत नाही

कुरखेडा तालुक्यातल्या आपल्या एका बासवादक वाचकाचा सरकारी मानधनाचा अर्ज परत आला आहे. शेरा एका ओळीचा: ‘कलाक्षेत्रातील योगदानाचे पुरावे जोडलेले नाहीत.’ अर्जदाराने पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. भाऊबीजेपासून होळीपर्यंत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना बास गिटार, एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, मे महिन्यात लग्नातला ऑर्केस्ट्रा, पावसाळ्यात धानाची रोवणी आणि गणपती-दुर्गोत्सवात पुन्हा स्टेज, असे त्याचे वर्ष. मधल्या काळात नागपूरच्या स्टुडिओत भीमगीतांच्या कॅसेटींवर त्याने वाजवलेल्या लाइन आजही गावागावांत मोबाइलवर वाजतात. कॅसेटच्या वेष्टनावर गायक आहे, गीतकार आहे, संगीतकार आहे, निर्मात्याचे दुकानही पत्त्यासकट आहे. बासवाला नाही.

फोटो तरी जोडा, असे त्याला सांगण्यात आले. त्याच्याकडे फोटो आहेत. नायक संवाद म्हणतो आहे, नर्तकी गिरकी घेते आहे आणि डाव्या कोपऱ्यात गिटारच्या चार चाव्या तेवढ्या दिसतात. वादक रंगमंचाच्या पुढ्यात, खाली, अंधारात. दिवे सगळे वर. पत्राच्या शेवटी तो लिहितो, ‘बोटाले घट्टे हायेत, थे पाहून घ्या म्हणाव जी.’ घट्ट्यांची साक्षांकित प्रत कशी काढायची, हे अजून कोणत्याही परिपत्रकात आलेले नाही.

ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठीच्या या योजनेला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि २०२४ पासून मानधन दरमहा ५,००० रुपये झाले आहे. रक्कम वाढली, हे चांगलेच झाले. पण पुराव्याची पद्धत अजून मुख्य नट, शाहीर आणि कीर्तनकार यांना समोर ठेवूनच चालते. प्रशस्तिपत्र, वृत्तपत्राचे कात्रण, पोस्टर, सत्काराचा फोटो. सत्कार मुख्य कलाकाराचा होतो, त्या वेळी बासवाला केबल गुंडाळत असतो. कात्रणात ‘साथसंगत उत्तम होती’ एवढेच येते. या चार कागदांत साथीदार वादक कुठेच मावत नाही आणि समितीतल्या कोणालाही ते खटकत नाही.

झाडीपट्टी माहीत नाही, असे तर शासनाला म्हणता येणार नाही. याच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० च्या आसपास भूमिका, ही त्यांची कामगिरी सरकारनेच अभिमानाने सांगितली. आम्हालाही तो अभिमान आहे. पण त्या हजारो रात्री साथीला कोणी बसले होते की नाही? रात्री दहा-अकराला पडदा उघडून पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात कोणी ऑर्गनवर होता, कोणी तबल्यावर, पुढे कोणी ऑक्टोपॅडवर आणि जिथे मंडळाच्या गाडीत जागा मिळाली तिथे कोणी बासवर. नटाचे प्रयोग मोजताना सरकारला हिशेब जमतो. त्याच प्रयोगातल्या वादकाच्या वेळी मात्र पावती लागते.

आता दिल्लीचा कायदा पाहा. कॉपीराइट कायद्यात वादकासह सर्व प्रयोगकर्त्यांना सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क आधीपासून होता; २०१२ च्या दुरुस्तीने आणखी चांगले हक्क मिळाले: व्यावसायिक वापर झाल्यास स्वामित्वधनाचा वाटा आणि कलम ३८ ब नुसार दोन नैतिक हक्क. त्यातला पहिला म्हणजे सादरकर्ता म्हणून आपली ओळख दिली जाण्याचा आणि दुसरा आपल्या सादरीकरणाची मोडतोड रोखण्याचा. इथपर्यंत वाचून बरे वाटते. मग ‘प्रयोगकर्ता’ या व्याख्येखालचे परंतुक वाचावे. चित्रपटात ज्याचे सादरीकरण किरकोळ किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या नेहमीच्या प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कुठेच दिले जात नाही, त्याला प्रयोगकर्ता मानायचे नाही. अपवाद फक्त ३८ ब मधल्या दुसऱ्या हक्काचा.

पुन्हा एकदा वाचा. नाव न देण्याची प्रथा आहे, म्हणून तुम्ही प्रयोगकर्ता नाही. प्रयोगकर्ता नाही, म्हणून नाव मागण्याचा हक्क नाही. वाचतो तो फक्त मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क. म्हणजे तुमची लाइन कोणी बिघडवली तर तुम्ही तक्रार करायची, पण ती तुमची आहे हे कुठे लिहा म्हणायचे नाही. मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गर्दीच्या दृश्यात हात हलवणारा माणूस असावा. त्याच्या मापाच्या सदऱ्यात त्याने आपल्यालाही बसवले. ज्या आवाजावर गायिका सूर धरते आणि ड्रमर पाय ठेवतो तो आनुषंगिक कसा, याचे उत्तर एखाद्या वादकाने न्यायालयातून मिळवायला हवे.

हे परंतुक चित्रपटापुरते आहे, हे नीट लक्षात ठेवा. कॅसेट, अल्बम, नाटकाचे नुसते ध्वनिमुद्रण यांत वादक सरळसरळ प्रयोगकर्ता आहे. पण कायद्यातल्या ‘चित्रपट’ या शब्दात कोणतेही दृश्य मुद्रण आणि त्यासोबतचा आवाज येतो. आज मंडईच्या जत्रेतले नाटक मोबाइलवर चित्रित होते आणि दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर चढते. रात्री तुम्ही नाटकाला साथ केली. सकाळी तेच चित्रपटाच्या व्याख्येत जाऊन बसले, खाली कुणाचे नाव नाही आणि ‘आपल्याकडे वादकांची नावे देत नाहीत’ ही प्रथा आपणच तयार करून ठेवलेली.

ही प्रथा जुनी आणि खानदानी आहे. राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत बास गिटार वाजवणारे टोनी वाझ यांचे नाव किती श्रोत्यांना ठाऊक होते? हिंदी चित्रपटगीतांत कोणी काय वाजवले हे जाणून घ्यायला २००८ साली ग्रेगरी बूथ या न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्या अभ्यासकाला पुस्तक लिहावे लागले, तेही त्या वादकांच्या घरी जाऊन, त्यांच्या आठवणी विचारून. तबकड्यांच्या वेष्टनांवर ते नव्हतेच. चरणजीत सिंग यांनीही मुंबईच्या स्टुडिओत वर्षानुवर्षे बास वाजवला, तो गाण्यांच्या पोटात विरून गेला. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावावर रागांची एक डिस्को तबकडी काढली, तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि अॅसिड हाउस संगीताच्या पूर्वजांत त्यांची गणना होऊ लागली. उतारवयात युरोपातल्या मंचांवर बोलावणी आली. शोधणाऱ्यांना ते सापडले, कारण वेष्टनावर नाव छापलेले होते. त्या तबकडीवरचा टीबी-३०३ मूळचा बासवाल्याला पर्याय म्हणून विकायला काढलेला यंत्रबास होता, ही आणखी एक गंमत.

गमतीचाच विषय निघाला म्हणून: ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधल्या मर्यादा ए-भारित डेसिबलमध्ये आहेत. ए-भारण खर्जाला फार कमी मोजते. उघड्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. तिथे मीटर सुमारे ३४ डेसिबल वजा करतो. पाच तारांच्या बासच्या बीवर सुमारे ४०. म्हणजे गावाबाहेर जे सर्वांत दूर पोचते ते पोलिसांच्या यंत्रावर जवळपास नोंदवलेच जात नाही, तरी ‘बास कमी करा’ हा निरोप पहिल्यांदा आपल्याकडे येतो. शासनदरबारी आपण मीटरवरही नाही आणि मानधनाच्या यादीतही नाही.

कार्यालयांवर राग काढून झाला. आता घरातल्यांकडे. गेल्या अंकात आपण प्रत्येक वाचकाला या हंगामाच्या तारखा, मंडळाचे नाव, गाव आणि नाटक लिहून पाठवायला सांगितले होते. आलेली पत्रे हाताच्या बोटांवर मोजता येतील. ‘नाइट हातात पडली की संपलं’ असे अनेकांचे म्हणणे. सुपारी फोनवर, बयाना हातात, उरलेले पैसे पहाटे गाडीत बसताना मोजून. ना पावती, ना वही. नवा पेडल घ्यायला मित्राकडून उसने घेणाऱ्याला चाळीस पानी वही महाग पडत नाही. आणि स्टुडिओवाले तर आता स्टुडिओतही येत नाहीत. व्हॉट्सअॅपवर ट्रॅक येतो, घरी इंटरफेसला वायर लावून लाइन वाजवायची, फाइल पाठवायची, पैसे यूपीआयवर. त्या फाइलचे नाव काय? ‘बास फायनल टू’. आपल्याच फाइलवर आपले नाव लिहायला आपल्याला कायदा आड आला होता का?

वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळांनाही सांगणे आहे. तुमच्या पत्रकावर नायक, खलनायक, विनोदी नट, लावणी नृत्यांगना सगळे मोठ्या टायपात असतात. असायलाच हवेत, तिकीट त्यांच्यामुळे खपते. त्याच कागदावर मंडप-बिछायत आणि साउंड सर्व्हिसवाल्यालाही ओळ मिळते. मग वादकांच्या चार नावांना जागा नाही, हे पटत नाही. छपाईचा खर्च त्याने वाढत नाही. बासवाल्याची जागा कीबोर्डच्या डाव्या हाताला देऊन गाडीतली एक सीट वाचवणे हा तुमच्या हिशेबाचा भाग असेल. त्यावर भांडण पुढच्या अंकात. पण जो गाडीत आहे त्याचे नाव तरी कागदावर घ्या.

तेव्हा या महिन्यात एवढे कराच. वही काढा: तारीख, गाव, मंडळ, नाटक किंवा कार्यक्रम, मानधन, आणि पुढे आयोजक मंडळाच्या सचिवाची सही. शिक्का असेल तर उत्तम. जुन्या वर्षांसाठी ज्यांच्यासोबत वाजवले त्या नटांकडून, गायकांकडून, ऑर्गनवाल्याकडून त्यांच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. ती माणसे म्हातारी होत आहेत, थांबू नका. जुन्या कॅसेटींची यादी करा, कोणत्या गाण्यात तुमची लाइन आहे ते लिहा, त्या वेळच्या गायकाची किंवा संगीत संयोजकाची सही घ्या. नव्या रेकॉर्डिंगला लाइन पाठवताना फाइलच्या नावात आपले नाव आणि वाद्य लिहा, सोबत दोन ओळींचा संदेश: गाणे प्रसिद्ध करताना श्रेयात बास म्हणून माझे नाव द्यावे. उत्तर ‘हो’ आले की तो संदेश जपून ठेवा. ‘इस्रा’ ही स्वामित्वधन गोळा करणारी गायकांची संस्था होती, आता वादकांनाही सामावणारी ‘इसाम्रा’ आहे, सदस्य व्हा. तिच्याकडून कुरखेड्याला लगेच काही हजार येतील असे मी म्हणत नाही. पण यादीत नसलेल्याला वाटणी मिळत नाही, हे कोणत्याही मंडळाचा हिशेबनीस सांगेल.

मानधन ठरवणाऱ्या जिल्हा समित्यांना आमची सूचना साधी आहे. साथीदार वादकासाठी पुराव्याचा वेगळा रकाना करा. त्यात सहवादकांचे आणि नाट्यमंडळाचे लेखी निवेदन ग्राह्य धरा. तरीही शंका असेल तर अर्जदाराला बोलवा, एक अॅम्प लावा आणि दहा मिनिटे वाजवून घ्या. कात्रणापेक्षा ते लवकर होईल. कुरखेड्याच्या वाचकाने नवा अर्ज लिहायला घेतला आहे. ज्यांनी त्याच्यासोबत एकाही हंगामात काम केले असेल त्यांनी आपले सहीचे निवेदन या महिनाअखेर आमच्याकडे पाठवावे, आम्ही ते त्याच्यापर्यंत पोचवू. आणि वडशाची पत्रके दिवाळीआधी छापायला जातात. वादकांनी आपापल्या मंडळाकडे नावांची ओळ त्याआधी, लेखी द्यावी.