यवतमाळच्या पेठेत काय नव्हतं?

कापसाचे भाव पडले की यवतमाळ जिल्ह्यातली चर्चा हमीभाव आणि खरेदी केंद्रं या दोन मुद्द्यांवर येऊन थांबते. मागण्या रास्तच आहेत, पण त्या कापूस विकण्यापुरत्या आहेत. विकल्यावर त्याचं काय होतं आणि ते इथे का होत नाही, याकडे कोणी फारसं वळत नाही. ही सवय जुनी आहे. इंग्रजी अमलात यवतमाळ जिल्ह्याचं ठाणं म्हणून वाढलं, तेव्हा पेठेत कोणते धंदे मांडले गेले आणि कोणते कधी आलेच नाहीत, ते पाहिल्यावर तिचं मूळ सापडतं.

१८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली आला आणि पुढच्या दशकात वणीच्या नावाने नवा जिल्हा आखला गेला. १९०५ साली त्याचं नाव यवतमाळ झालं. १९०१ च्या जनगणनेत या गावची वस्ती साडेदहा हजारांच्या आसपास होती. कचेरीमुळे वकील आणि अर्जनवीस आले, कापसामुळे अडते, दलाल, मापारी, हमाल, सावकार आणि जिनिंग-प्रेसिंगचे मालक आले, दुकानांत विलायती कापडाचे तागे लागले. वरवर पाहता ही भरभराटच. पण यातला जवळजवळ प्रत्येक धंदा दुसऱ्याचा माल पुढे ढकलण्याचा होता. त्याआधी वऱ्हाडात कापूस पिंजणारे पिंजारी होते, घरोघरी सूत काढणाऱ्या बाया होत्या, जाडंभरडं कापड विणणारे महार आणि कोष्टी होते, आलच्या मुळांपासून लाल रंग काढणारे रंगारी होते, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारे बंजारा तांडे होते. कापूस तेव्हाही बाहेर जात असे, अगदी गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत. पेस्तनजी मेहेरजींच्या पारशी पेढीने १८२५-२६ मध्ये तो मुंबईकडे वळवला. म्हणजे व्यापार इंग्रजांनी शिकवला, हे काही खरं नाही. त्यांच्या अमलात बदललं ते एवढंच, की कापसावर इथे होणारं काम थांबलं.

आणि ते आपोआप थांबलं नाही. १८६० च्या दशकाच्या अखेरीस कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी सरकारी अहवालात हिशेब उघड मांडला होता: रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त पडेल, सुतात खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला लागून रानं लागवडीखाली येतील. इतकं स्पष्ट धोरण आजही क्वचितच लिहून ठेवलं जातं. नागपूरपर्यंतची रेल्वे १८६७ मध्ये झाली, तेव्हा यवतमाळचा कापूस बंड्यांतून धामणगाव स्टेशनला जाऊ लागला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत किलिक निक्सन कंपनीची अरुंद रुळांची ‘शकुंतला’ धावू लागली. ती टाकली होती कापूस मुख्य मार्गावर नेऊन घालण्यासाठी. बंजाऱ्यांची वाहतूक बुडाली, आलचा रंग कारखान्यातल्या रसायनापुढे टिकला नाही.

यावर पहिला आक्षेप येईल, की या पेठेने पैसाही आणला. आणला. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते ६५ मध्ये, वऱ्हाडच्या शेतकऱ्याने कधी न पाहिलेला भाव पाहिला. देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ १८८६ मध्ये कारंज्याला उभी राहिली, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी बाजार कायदाही झाला. पण त्या कायद्याच्या समित्यांवर व्यापारी बसले, पिकवणाऱ्याला तिथे जागा नव्हती. शिवाय ज्या मुलखात पैसा एकाच पिकातून येतो, तिथे पीक आणि मजुरी एकदमच जातात. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला तो असा. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने कापूस आणि दुष्काळ यांचं हे नातं पुस्तकभर उलगडलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यंत्रयुगात हातमाग मरणारच होता. कबूल. पण हातमाग गेल्यावर त्याच्या जागी काय यावं, हे यंत्र ठरवत नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला आणि कापसाचा मुलूख नसलेलं ते गाव बाहेरच्या सुतावर वस्त्रनगरी झालं. आमच्याकडे त्याच काळात आली ती कापूस बाहेर नेणारी गाडी.

स्वातंत्र्यानंतरही आपण ही चौकट मोडली नाही. १९७२ च्या एकाधिकार खरेदी योजनेने दलालाच्या जागी सरकार बसवलं. शेतकऱ्याला आधार मिळाला, पण कापूस सरकी काढून गाठी बांधण्यापलीकडे फारसा सरकला नाही. विदर्भातल्या सहकारी सूतगिरण्यांचं उदाहरण देऊन कोणी म्हणेल, की प्रक्रियेचा प्रयोग झाला आणि फसला. त्यातल्या अनेक बंद पडल्या हे खरं, पण सुताशी थांबणारी गिरणी माग आणि रंगाई असलेल्या दूरच्या गावांच्या दारात उभी असते, नफा तिकडेच राहतो. यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचं डेनिम विणलं गेलं, म्हणजे इथल्या हवा-पाण्यात कापड होत नाही असंही नाही. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम चालू आहे आणि लोकप्रतिनिधी स्थानकांची नावं मोजत आहेत. त्यांना विचारायला हवं, की या मार्गावरच्या मालधक्क्यांना लागून माग, रंगाई आणि शिलाईसाठी किती जागा राखली आहे, की तिथेही गाठींचीच थप्पी लागणार आहे.