पुरावा काय, म्हणे!

लोककला टिकली पाहिजे असं म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. महोत्सव होतात, फेटे बांधले जातात, मंत्री ढोलकीवर थाप मारतात, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. पण शासनाचा पैसा 'कलेला' मिळतो तेव्हा ती कला अंगावर वागवणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं काय पडतं? शिरूर आणि दौंड तालुक्यांत काम करताना या प्रश्नाला बगल देता येत नाही.

पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यातला चौफुला लागतो. इथली कला केंद्रं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. आत पार्ट्या असतात, म्हणजे मालकीण, नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली, पेटी, तबला, ढोलकी. लावणी बैठकीत रंगते, तिथेच दौलतजादा होतो आणि त्यात पुष्कळांचा वाटा असतो. शिरूर तालुक्यात कवठे येमाई आहे. तिथले शाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांनी तमाशाच्या फडांसाठी आयुष्यभर लावण्या नि वग लिहिले. 2018 चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, 2021 मध्ये ते गेले. त्यांचा सन्मान योग्यच होता. पण लिहिणाऱ्याच्या मागे कागद राहतो. नाचणारीच्या मागे काय राहतं?

हे मनात यायला कारण आहे मानधनाचा अर्ज. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना राज्यात 1954-55 पासून आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि 2024 पासून सर्वांना सरसकट दरमहा 5,000 रुपये मिळतात. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळी अशी प्रतवारी होती, ती गेली हे चांगलं झालं. वयाची अट 50, कलेच्या क्षेत्रातली वर्षं किमान 15. शिवाय उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शिफारसपत्र, आणि कलेचे पुरावे. जिल्ह्यातून वर्षाला निवड होते शंभर जणांची. पुण्यासारख्या जिल्ह्यात भजनी, कीर्तनकार, शाहीर, वासुदेव, गोंधळी सगळे त्यातच.

संगीतबारीत बावीस वर्षं नाचलेल्या एका बाईंचा अर्ज आम्ही भरायला घेतला. रहिवासी दाखल्यालाच अडलं, कारण वर्षातले आठ-दहा महिने त्या थिएटरच्या खोलीत राहिलेल्या, आज चौफुल्याला तर उद्या दुसऱ्या जिल्ह्यात. मग पुरावे. बोर्डावर नाव असायचं पार्टीच्या मालकिणीचं. रांगेत नाचणारीचं नाव कुठेच नाही. वर्तमानपत्राचं कात्रण नाही, प्रमाणपत्र नाही. एक जुना फोटो होता, त्यात त्या पाठमोऱ्या! "मी नाचले ते हजारांनी बघितलं की, त्यांनाच विचारा," त्या म्हणाल्या. बघणारे पुष्कळ आहेत, पण बघितल्याचं लिहून द्यायला त्यातला एकही पुढे येणार नाही. भजनी मंडळातल्या बुवांना सरपंच आनंदाने दाखला देतात. लावणीवालीला दाखला द्यायचा म्हटलं की त्यांना गावाची अब्रू आठवते.

त्याच अर्जात आणखी एक कागद मागितलेला आहे, पती-पत्नीचा एकत्रित फोटो. 'लागू असल्यास' असं पुढे आहे, हे मान्य. कलावंत वारल्यावर मानधन पुढे पतीला किंवा पत्नीला मिळतं, म्हणून तो लागतो. आता विचार करा. कोल्हाटी समाजात जिने पायात चाळ बांधले तिचं लग्न होत नसे. 'चिरा' उतरला की तिची वाट ठरलेली. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' 1994 मध्ये आलं तेव्हा आपल्यापैकी अनेकींनी ते वाचून झोप गमावली होती. आज मुली लग्नं करतात, इतर समाजांतल्याही या धंद्यात आल्या आहेत. पण आज ज्या पन्नाशी ओलांडून अर्ज करताहेत त्या जुन्या रीतीतल्या. त्यांना नवरा नाही. त्यांच्या कमाईवर भावांचे संसार उभे राहिले. म्हातारपणी सांभाळते ती मुलगी, बहीण, नाहीतर पार्टीतली जोडीदारीण. तिला या मानधनात वारस म्हणून जागा नाही. ज्या रीतीने या बाईला लग्न नाकारलं, त्याच रीतीवर उभी असलेली कला शासन 'वारसा' म्हणून मिरवतं, आणि वारस मात्र लग्नाचा मागतं.

वयाचंही तेच. शाहीर पन्नाशीत भरात असतो. नाचणारीची बिदागी तिशी-पस्तिशीनंतर उतरायला लागते. मधली पंधरा वर्षं तिने काय करायचं? कुणी धुणीभांडी करतं, कुणी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातं. आपल्याच जिल्ह्यातल्या नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला होता, तरी 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याची बिलं देणगीदारांच्या मदतीने भागवावी लागली. त्यांच्या नावाचा पुरस्कार नंतरचा.

एरवी शासनाला या बायका आठवतात त्या परवाने तपासताना. जुलै 2025 मध्ये दौंड तालुक्यात वाखारीच्या एका कला केंद्रात गोळीबार झाला. गोळी झाडणारा पाहुणा, पण चर्चा लगेच केंद्रं बंद करण्याची! 2005 ची डान्सबार बंदी आठवते ना? तेव्हा स्त्री-संघटनांतही दोन तट पडले होते. ती बंदी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, पण मधल्या आठ वर्षांत ज्या बायकांची रोजी बुडाली त्यांना ती कोणी परत दिली नाही.

काही मैत्रिणी म्हणतात, जी कला पुरुषांच्या नजरेसाठीच वाढली ती शासनाच्या पैशाने कशाला जगवायची? प्रश्न खोटा नाही. शर्मिला रेगे यांनी 1995 मध्येच लावणी कलावंतिणींवर लिहिताना दाखवलं होतं की त्यांच्या लैंगिकतेवर आणि श्रमावर जातीची पकड कशी आहे, आणि वरच्या थरांनी लावणी उचलली तेव्हा तिच्या मूळ वाहक कशा बाजूला पडल्या. नजरेचा प्रश्न सोडवायचा असेल तर बाईच्या हातात पर्याय हवा, आणि पर्यायाला पैसा लागतो. मानधन म्हणजे नाच चालू ठेवण्याची सक्ती नव्हे. उलट, ज्या दिवशी तिला थांबावंसं वाटेल त्या दिवशी थांबण्याची ती सोय आहे.

तेव्हा पुण्याच्या जिल्हा निवड समितीकडे आपण गटागटांनी जाऊया. मागणं साधं आहे. सहकलावंतांचं आणि वादकांचं प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून धरा. नाचणाऱ्या स्त्रियांसाठी वयाची अट चाळीसवर आणा. पती-पत्नीऐवजी कलावंताने स्वतः नेमलेली व्यक्ती वारस माना, आणि समितीवर संगीतबारीतली एक तरी बाई घ्या. तोवर अर्ज भरायचे काम थांबवू नका. चौफुल्याच्या दोन ढोलकीवाल्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही करायला होकार दिला आहे. स्टँपही त्यांनी आपल्या पैशाने आणला.