आठवड्याची प्रार्थना आणि घराची ऐपत

गेल्या आगमनकाळात बिबवेवाडीत घडलेली एक लहानशी गोष्ट आधी सांगतो. अप्पर इंदिरानगरच्या चढावरील दोन खोल्यांच्या एका घरात आमच्या लघु ख्रिस्ती समूहाची बुधवारची प्रार्थना आटोपली. मी निघालो, तेव्हा घरच्या मावशी मागोमाग बाहेर आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "फादर, पुढच्या फेरीत आमचं घर धरू नका. जागा कमी पडते."

जागा कमी पडत नव्हती. त्याच खोलीत कितीतरी वर्षे चौदा-पंधरा माणसे चटईवर दाटीवाटीने बसत आली होती. खरे कारण मला चार दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळले. आदल्या बुधवारी खालच्या सोसायटीतील घरी प्रार्थनेनंतर पॅटिस, केक आणि शीतपेये झाली होती. त्याच्या आदल्या घरी बिर्याणी. मावशी तीन घरची धुणीभांडी करतात. पंधरा माणसांना चहा-बिस्किटे द्यायची तर त्यांना लाज वाटू लागली आणि बिर्याणी द्यायची तर उसनवारी करावी लागली असती. तेव्हा त्यांनी प्रभूचे वचनच आपल्या घरातून रजेवर पाठविले. आणि मी, त्यांचा धर्मगुरू, तीच बिर्याणी वाखाणून आलो होतो.

लघु ख्रिस्ती समूहांविषयी आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. लॅटिन अमेरिकेतील पायाभूत समूह, १९६८ ची मेडेलिन परिषद, पोप सहावे पॉल यांनी १९७५ च्या प्रेषितीय पत्रात या समूहांना दिलेली मान्यता व इशारा, १९९० साली बांडुंग येथे आशियाई धर्माध्यक्षांनी रंगविलेले 'समूहांचा समूह' असलेल्या ख्रिस्तसभेचे चित्र, हे सारे सेमिनरीतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला मुखोद्गत असते. मलाही आहे. परंतु एवढ्या दस्तऐवजांत एक प्रश्न मला कोठे ठसठशीतपणे मांडलेला दिसला नाही: आठवड्याची ही साधना सर्वांत गरीब घराला परवडते काय? परवडत नसेल, तर तिला ख्रिस्ती म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा प्रश्न नवा नाही. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आपण पवित्र गुरुवारी वाचतो. पण ख्रिस्तप्रसादाच्या स्थापनेचा वृत्तांत तेवढा वाचतो आणि त्याआधीची वचने सोडून देतो. त्या वचनांत पौल संतापला आहे. कारण असे, की करिंथची मंडळी घरोघर जमत, खाऊनपिऊन तृप्त होत आणि उशिरा येणारे कष्टकरी उपाशी राहत. तुम्हांला खाण्यापिण्यास स्वतःची घरे नाहीत काय, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजविता काय, असे तो विचारतो. करिंथमध्ये गरीब उपाशी राहिला. आमच्याकडे त्याला भरपेट खाऊ घालतात आणि पुढच्या आठवड्यात तेच परत करण्याची अपेक्षा न बोलता ठेवतात. लाजविणे एकच आहे. पौलाने हा प्रश्न पाहुणचाराच्या सदरात टाकला नाही. प्रभूच्या शरीराला न ओळखणे असे त्याचे नाव त्याने ठेवले.

दुसरा दोष माझाच, म्हणून तो थोडक्यात पण उघड सांगतो. काही वर्षांपूर्वी मी समूहांसाठी एक अहवाल-तक्ता तयार केला. उपस्थिती किती, पुरुष किती, स्त्रिया किती, कोणता उतारा, कोणता ठराव. तक्ता इंग्रजीत होता. एका समूहाने सलग तीन महिने तो भरून दिला नाही, तेव्हा मी रविवारी वेदीवरून त्यांना सुनावले. नंतर कळले, की त्या समूहात तक्ता भरू शकणारी एकमेव मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती. बाकीचे दर बुधवारी नेमाने जमत होते. ज्यांची प्रार्थना अखंड चालली होती, त्यांनाच मी आळशी ठरविले. तक्ता मी त्यानंतर बंद केला. त्यांची क्षमा मागायला मात्र मला वर्ष लागले.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे. बिबवेवाडीतील आमचे लोक कोण? अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे आहेत; गोव्याचे, मंगळूरचे, तामिळनाडूचे, केरळचे लोक आहेत. कोणी मार्केट यार्डात राबतो, कोणी हिंजवडीला संगणकापुढे बसतो. सर्वांना समजावी म्हणून आपण इंग्रजी निवडतो, आणि ती ज्यांना समजत नाही ते नेमके गरीब असतात, हा काही योगायोग नव्हे. मूळच्या मराठी आजीबाई तासभर हात जोडून बसतात, अखेरीस 'आमेन' म्हणतात आणि घरी जातात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीत बसून 'ख्रिस्तपुराण' रचले, त्याच्या आरंभीच सांगितले आहे, की एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्यांना विचारले: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे का देत नाही? एका इंग्रज जेजुइटाला त्या प्रश्नाचे उत्तर मराठीत द्यावेसे वाटले आणि १६१६ साली राशोलला ग्रंथ छापून निघाला. चारशे वर्षांनंतर मराठी माणसाच्या घरात बसून आम्ही इंग्रजी पत्रके वाटतो. इतर भाषिकांना मराठी येत नाही, असे कृपया कोणी सांगू नये; भाजी घेताना ती सर्वांना येते.

मग करावे काय? फार थोडे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, पाऊण तास. येत्या रविवारचे शुभवर्तमान मराठीत दोनदा सावकाश वाचावे, तेही शक्य तर घरातील मुलाने. पाच मिनिटे खरी शांतता. मग ज्याला जो शब्द लागला तो त्याने म्हणावा. प्रवचन कोणी करू नये, धर्मगुरू हजर असेल तर त्यानेही नाही. त्यानंतर एकच विचारणा: या आठवड्यात आपल्यापैकी कोण आजारी, कोण बेकार, कोण आले नाही, आणि त्याच्याकडे जाणार कोण? जपमाळेचे एक दशक, 'हे आमच्या स्वर्गीय पित्या', आणि घरी. पिण्यास पाणी. चहासुद्धा नाही, हे मी हट्टाने सांगतो. कारण चहा म्हटला की बिस्कीट आले आणि बिस्कीट आले की केक फार दूर नसतो.

वाचनाची पद्धत माझी नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेत फ्रिट्झ लोबिंगर व ऑस्वाल्ड हिर्मर या जर्मन धर्मगुरूंनी शुभवर्तमान-सहभागाच्या ज्या सात पायऱ्या रूढ केल्या, त्यांचेच हे सुटसुटीत रूप आहे. त्या सातांपैकी सहावी पायरी कामाची: आता आपण काय करायचे? माझ्या अनुभवात आमचे समूह पाचवीवरून थेट सातवीवर उडी मारतात. सहावीवर कोणाच्या तरी घरी जावे लागते.

एक गोष्ट आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांकडून घ्यावी. मिझोरममधील प्रेस्बिटेरियन घरांतील स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढीत आल्या आहेत. श्रीमंताची मूठ आणि गरिबाची मूठ सारखीच. शुक्रवारी आपण मांस टाळतो, आणि पुष्कळदा त्याहून महाग मासळी आणतो. त्याऐवजी त्या दिवशी एक मूठ तांदूळ डब्यात टाकावा आणि बुधवारी ज्या घरी निकड असेल तेथे तो पोचता करावा. कोणाचा किती, हे लिहून ठेवण्याचे कारण नाही.

माझ्या काही गुरुबंधूंचे म्हणणे असे, की एवढ्याने लोक टिकणार नाहीत. वक्ते हवेत, शिबिरे हवीत, तरुणांसाठी आकर्षण हवे. त्यांनी एखाद्या बुधवारी माहीमला जावे. संत मायकल चर्चमध्ये १९४८ पासून नित्यसाहाय्य मातेचा नोव्हेना चालू आहे. तेथे लोक वक्ता ऐकायला येत नाहीत. बुधवार आहे म्हणून येतात. दुसरे म्हणतात, धर्मगुरूवाचून लोक भरकटतील, आधीच कितीजण नव्या प्रार्थनाघरांकडे चालले आहेत. ते चालले आहेत हे खरे. पण त्या प्रार्थनाघरांत त्यांना मिळते काय? आपली भाषा, ठरलेला वार आणि आपण आलो नाही तर दाराशी येऊन चौकशी करणारा माणूस. यांतले कॅथोलिक श्रद्धेला निषिद्ध काय आहे, हे मला कोणी समजावून द्यावे. आणि धर्मगुरूच्या अभावी श्रद्धावंतांनी कुटुंबांत वा समूहांत प्रार्थनेत वेळ घालवावा, असे १९८३ च्या धर्मसंहितेचा १२४८ वा नियमच सुचवितो.

जपानमधील बंदीच्या काळात तर सात पिढ्या धर्मगुरू नव्हता. गुप्त ख्रिस्ती लोकांच्या वस्तीत एकाकडे पंचांग असे. कोणता दिवस सणाचा, कोणता उपवासाचा, हे त्याने सांगायचे. दुसऱ्याने मुलांना बाप्तिस्मा द्यायचा. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये ते लोक फ्रेंच धर्मगुरूपुढे येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्याजवळ ना वक्ते होते ना अहवाल. वार मात्र सांभाळलेले होते.

आपलीही परीक्षा झाली होती. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली, ती महाराष्ट्रात १६ नोव्हेंबरला उघडली. पुढल्या लाटेत पुन्हा बंद. त्या काळात ज्या समूहांचे चैतन्य सहली, हाऊजी आणि नाताळच्या स्पर्धांवर अवलंबून होते, ते पहिल्याच महिन्यात मुके झाले. व्हॉट्सॲपवर फुलांची चित्रे तेवढी येत राहिली. अप्परच्या चढावरील समूहात मात्र बुधवारी सात वाजता फोनवरून शुभवर्तमान वाचले जाई आणि ज्याच्याकडे शिधा संपला त्याचे नाव सर्वांना ठाऊक असे. तो फोन मावशींचा होता, रिचार्ज समूहाने वाटून घेतलेला.

म्हणून या तपःकाळाच्या पहिल्या बुधवारी मी मंडळींना सांगून टाकले, की यापुढे कोणत्याही घरी पाण्याखेरीज काही घेतले जाणार नाही, आणि जेथे ताट पुढे येईल तेथून मी उठून जाईन. दोन कुटुंबे रागावली. त्यांतील एक गृहस्थ म्हणाले, "फादर, आमच्या प्रेमाला तुम्ही नियम लावता." मी त्यांना म्हटले, आपले प्रेम त्या डब्यात तांदळाच्या मुठीने घाला. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. यादी मी नव्याने लिहिली आहे. येत्या बुधवारी मावशींचे घर आहे, विचारले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "चटई एक जास्तीची आणायला सांगा."